हळदीच्या गोदामातला खांब

मी विटा फोडत नाही. कधी फोडल्या नाहीत आणि पुढेही फोडणार नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण कराटे शिकवणारी बाई म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न विटांचा असतो आणि दुसरा नवऱ्याचा. "मिस्टरांना मारता का हो?" असं विचारून माणसं अशी खुदुखुदू हसतात, जणू हा विनोद जगात पहिल्यांदा त्यांनाच सुचला. आमचे हे कनिष्ठ महाविद्यालयात क्लार्क होते. तिथे त्यांना निवृत्त होईपर्यंत 'ब्लॅक बेल्टचे मिस्टर' म्हणत. ते शांतपणे सांगायचे, "मारत नाही. पण उलट बोलून बघायची वेळ मी येऊ दिली नाही."

या अंकासाठी 'तुमचा प्रवास लिहा' असा निरोप आला. प्रवास एसटीनं झाला, आधी मुखेड ते नांदेड आणि लग्नानंतर नांदेड ते लातूर. त्यात लिहिण्यासारखं काही नाही. मी एका खांबाबद्दल लिहिणार आहे. त्या खांबापायी माझ्या क्लासवरची पाटी उतरली. लातुरात या प्रकरणाच्या बऱ्याच आवृत्त्या फिरतात. एकीत मी आमच्या संघटनेच्या सचिवांच्या कानाखाली आवाज काढला आहे, दुसरीत त्यांनी माझा पट्टा ओढून घेतला आहे. दोन्ही खोट्या आहेत. खरं काय ते मी लिहिते आणि ज्याला पटणार नाही त्यानं सकाळी साडेपाचला मैदानावर यावं.

त्याआधी धंदा थोडा समजून घ्या. कराटेत मारामारी फार कमी असते. बहुतेक वेळ आम्ही 'काता' करतो. काता म्हणजे एकट्यानं लढलेली लढाई. समोर कुणी नसतं. चारी बाजूंनी माणसं चालून येत आहेत असं धरायचं आणि ठरलेल्या क्रमानं अडवायचं, वळायचं, ठोसा मारायचा. हा क्रम जगभर एकच असतो. जपानमधला म्हातारा आणि आमच्या लातूरच्या शाळेच्या मैदानावरची पोरगी यांना शेजारी उभं केलं तर एकमेकांचं अक्षरही न कळता दोघं एका दमात तोच काता करतील. या कामातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच आहे. मुखेडच्या कोरडवाहू रानातून आलेल्या माझ्यासारखीला एवढ्या मोठ्या जगाशी जोडणारं दुसरं काय होतं?

कात्याचा एक नियम मात्र लक्षात ठेवा, पुढे लागेल. काता जिथे सुरू केला तिथेच संपवायचा. परीक्षेत उमेदवाराच्या पायाखाली खडूनं खूण करतात. शेवटचं पाऊल त्या खुणेवर आलं नाही, तर वाटेत कुठेतरी पाय इकडेतिकडे पडला असा अर्थ होतो.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची येतात. एका गावच्या सरपंचांनी मुलाच्या परीक्षेआधीच चौकात फ्लेक्स लावला होता, 'ब्लॅक बेल्ट मिळविल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', पोराचा फोटो हाताची घडी घालून, काळा चष्मा लावून. मी पोराला नापास केलं. सरपंच म्हणाले, "बाई, फ्लेक्स लागलाय, आता काय करायचं?" मी म्हटलं, "पोराला सरावाला पाठवा, फ्लेक्स राहू द्या." पोरगा आला नाही. पुढच्या निवडणुकीत सरपंचांचाच फ्लेक्स त्याच्यावर चढला, तेव्हा कुठे त्याचं तोंड झाकलं गेलं.

दुसरे एक डाळमिलवाले शेठ. पोट कमी करायला म्हणून आले आणि पहिल्याच दिवशी त्यांना कळलं, की ठोसा मारताना पोटातून ओरडायचं असतं. झालं! माणूस खुलला. ठोसे हवेत कुठेही जायचे, पण ओरडणं असं की शेजारच्या झाडावरचे बगळे उठायचे. मी एकदा विचारलं, "शेठ, पायांकडे पण बघा की जरा." ते म्हणाले, "मॅडम, पाय राहू द्या. घरी आम्हाला आवाज चढवायची सोय नाही, म्हणून तर इथं येऊन राहिलो." ते अजून येतात. पट्टा पांढराच आहे आणि आवाज पहिल्यासारखाच.

आता खांब.

मी कॉलेजसाठी नांदेडला वसतिगृहात राहत होते, तेव्हा जुन्या मोंढ्यामागे हळदीचं एक गोदाम होतं. हंगाम संपला की ते रिकामं पडायचं. तिथे मोईन सर कराटे शिकवायचे. दिवसभर ते मोटारी वाइंडिंग करायच्या दुकानात बसत, तांब्याच्या तारेनं त्यांची बोटं कायम चिरलेली असत. कराटे ते हैदराबादला कुणा उस्तादाकडे शिकले होते. पत्र्याचं ते छत एका लोखंडी खांबावर तोललेलं होतं आणि खांब अगदी मधोमध. जमिनीच्या भेगांत हळद मुरलेली. आमचे पांढरे ड्रेस कितीही धुतले तरी पिवळट राहायचे. वसतिगृहातल्या मुली म्हणायच्या, "हिला रोजच हळद लागते, वरात काही निघत नाही."

त्या वर्गात मी एकटी मुलगी. मोईन सर कुणालाच नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. कंधार, देगलूर, हदगाव. मी 'मुखेड'.

वर्ग सुरू करताना सर त्या खांबावर तळहात टेकवायचे, दर्ग्यात उंबऱ्याला टेकवावा तसा. मग आम्ही एकेक जण टेकवायचो. आमच्या एका मोठ्या कात्यात सरळ तीन पावलं पुढे जाऊन, तिसऱ्या पावलाला ओरडून ठोसा मारायचा असतो. नेमका तिथे खांब येई. सरांनी उपाय काढला होता. तिसऱ्या पावलाला पाय अर्धी वीत डावीकडे घसरवायचा, खांदा तिरका करायचा आणि खांबाच्या अंगाला लागून ठोसा पुढे काढायचा. वेग तसूभर कमी करायचा नाही. मी पहिल्यांदा केलं तेव्हा साहजिकच खांबाकडे बघितलं आणि खांदा सडकून आपटला.

सर म्हणाले, "ए मुखेड, खंबे को कायकू देखती? दुश्मन को देख. खंबा पांव को दिखता."

डोळ्यांनी शत्रू बघायचा, खांब पायांना दिसतो. यावर मी पुढे जन्मभर भाकरी खाल्ली.

काही वर्षांनी परदेशातल्या मोठ्या संघटनेशी आमचा गट जोडला गेला आणि मी पुण्याला शिबिराला गेले. देशभरातली माणसं होती. सगळ्यांनी मिळून तो काता सुरू केला. तिसऱ्या पावलाला शंभरेक माणसं सरळ गेली आणि मी एकटी डावीकडे सरकून शेजारच्या माणसाच्या पायावर चढले. तो मोठ्यानं म्हणाला, "बाई, इथं कुठं खड्डा आहे का?" मी खांबाचं सांगितलं, तर हॉलभर हशा पिकला. हाच माणूस पुढे राज्याचा सचिव झाला. तो या गोष्टीत परत येणार आहे, म्हणून ओळख करून ठेवली.

नांदेडला परत येऊन मी सरांपुढे तणतणले. सरांनी विचारलं, "खंबा है अब तक?"

"आहे की."

"तो फिर पांव भी रहेगा. परीक्षा में मत कर, बस."

आता खांब नाही. गोदाम पाडून तिथे कापड दुकानांचं कॉम्प्लेक्स झालं. सरही गेले. मी लातूरला शाळेच्या मोकळ्या मैदानावर शिकवू लागले, तिथे खांबाचं नावही नाही. ते अर्धं पाऊल सोडून द्यायला काहीच हरकत नव्हती. मी सोडलं नाही, आणि ते निव्वळ गुरुभक्तीनं नाही. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुली वसतिगृहातल्या. लातूर म्हणजे कोचिंगचं गाव. गावोगावच्या मुली डॉक्टर व्हायला इथे येऊन राहतात. त्यांच्या अंगावर हात टाकणारा माणूस त्यांना मोकळ्या मैदानावर भेटत नाही. तो जिन्यात भेटतो, एसटीच्या दाराशी भेटतो, दोन गाड्यांच्या मधल्या सांदीत भेटतो. तिथे सरळ तीन पावलं टाकायला जागा कोण देणार आहे? म्हणून मी दोन्ही शिकवायचे. परीक्षेला जगाचा काता, रोजचा खांबाचा.

अश्विनी अशीच आली. भोकरजवळच्या एका खेड्यातली. आईवडील दुसऱ्याच्या रानात कामाला जाणारे, पोरगी दहावीला शाळेत पहिली. सगळ्या गावानं ठरवलं, की ही डॉक्टर होणार. दोनदा प्रवेश परीक्षा दिली, दोन्हीदा राहिलं. दुसऱ्या निकालाच्या दिवशीही ती पहाटे मैदानावर आली, ओळीत उभी राहिली आणि सगळा वर्ग पूर्ण केला. मी तेव्हापासून तिला 'भोकर' म्हणायला लागले. इतक्या वर्षांत दुसऱ्या कुणाला मी गावानं हाक मारली नव्हती.

तिची आई एकदा मला भेटायला आली. पदर खोचून सरळच बोलली. "बाई, आमी पोरीला डाक्टर व्हायला धाडलं हुतं. तुमी तिला काय करायलाव?"

"मास्तरीण करायलेय," मी म्हटलं.

"आन् त्यानं पोट भरतंय का?"

"माझं भरलं."

ती माझ्याकडे खालून वर बघत राहिली. म्हणाली, "मग कराच. पर अर्ध्यात सोडू नगा. गावात तोंड दाखवायचंय आमाला."

आणि खरंच तशी संधी आली. भोकर तालुक्यात मुलींची एक निवासी शाळा आहे. तिथल्या मुख्याध्यापिकांना कराटे शिकवायला बाईच हवी होती, तीही तिथेच राहणारी. अश्विनीचं वर्ग घेणं त्यांनी पाहिलं, त्यांना ती आवडली. अट एकच, जूनमध्ये शाळा उघडायच्या आत तिच्याकडे आंतरराष्ट्रीय संघटनेचा ब्लॅक बेल्ट हवा. त्याआधी परीक्षा एकदाच होणार होती, लातूरलाच. मुख्य परीक्षक परदेशातून येणार होत्या. अश्विनी नापास झाली असती तर पुढच्या परीक्षेपर्यंत ती जागा कुणी दुसरीनं घेतली असती. आणि डॉक्टर न झालेली, मास्तरीणही न झालेली मुलगी गावी परत गेल्यावर काय होतं, ते मी मुखेडला पुष्कळदा पाहिलं आहे.

परीक्षा एका कोचिंग क्लासच्या हॉलमध्ये झाली. बाक काढून भिंतीला रचले होते. ब्राझीलहून आलेल्या टेरेझाबाई मधोमध बसल्या होत्या. सत्तरीच्या, माझ्याहूनही बुटक्या, आणि गुडघ्याला माझ्यासारखाच पट्टा. आमच्या धंद्यात देश कुठलाही असो, गुडघा एकच. सचिवसाहेब ब्लेझर घालून हातात फोन घेऊन फिरत होते, संघटनेच्या पानावर टाकायला चित्रण करत होते. अश्विनीची आई सर्वांत मागे, भिंतीला टेकून खाली बसलेली. खुर्ची दिली तरी घेतली नाही.

अश्विनी आली. वाकून नमस्कार केला, खडूच्या खुणेवर उभी राहिली. मी तिला बजावून ठेवलं होतं, आज जगाचा काता. तिनं सुरुवात केली आणि माझा ऊर भरून आला. इतका स्वच्छ काता मी स्वतःसुद्धा कधी केला नसेल. वळली, अडवलं, सरळ निघाली. एक पाऊल, दुसरं पाऊल. आणि सचिवसाहेब समोरून चित्रण घ्यायला म्हणून फोनच्या काचेत बघत बघत नेमके तिच्या वाटेत येऊन उभे राहिले.

तिसरं पाऊल. तिचा पाय अर्धी वीत डावीकडे गेला, खांदा तिरका झाला, आणि ती अशी ओरडली की फोन साहेबांच्या हातातच उडाला. ठोसा त्यांच्या कानाजवळून पुढे गेला होता. तिची नजर त्यांच्यावर नव्हतीच, पलीकडे होती. साहेब कसनुसं हसून बाजूला झाले. तिनं काता तसाच पुढे नेला आणि संपवला, तेव्हा पाय खुणेच्या अर्धी वीत डावीकडे होता.

टेरेझाबाई त्याच वेळी शेजारच्या परीक्षकांना आधीच्या मुलाबद्दल काही सांगत होत्या. त्यांनी मान वर केली ती ओरडण्यानं. मधलं काहीच त्यांनी पाहिलं नव्हतं. खुणेपासून सरकलेला पाय मात्र सगळ्यांना दिसला.

सचिवसाहेब पुढे झाले. "पाऊल वाकडं टाकलं हिनं. मला माहीत आहे हे. हा यांचा नांदेडचा खांब." मग हॉलकडे वळून म्हणाले, "मराठवाड्याची माणसं निघतात तिथं परत पोचतच नाहीत, त्याला आपण काय करणार?"

काही जण हसले. हसणाऱ्यांत मराठवाड्याचेही होते, याचं मला जास्त लागलं.

मी म्हटलं, "साहेब, तुम्ही तिच्या वाटेत उभे होतात."

"मी बाजूला होतो."

"फोनमध्ये बघा, दिसेल."

"परीक्षेत चित्रण पुरावा धरत नाहीत," ते म्हणाले. आणि मग जवळ येऊन, समजुतीच्या सुरात, "हे बघा मॅडम, मुलगी चांगली आहे. तिला पुन्हा एक संधी द्यायला मी बाईंना विनंती करतो. तुम्ही फक्त सगळ्यांसमोर सांगा, की हे पाऊल चुकीचं आहे आणि आमच्या शाखेत ते इथून पुढे शिकवलं जाणार नाही. विषय संपला."

एका वाक्याचं काम होतं. अश्विनी खुणेशेजारी ताठ उभी होती. परीक्षेत उमेदवारानं बोलायचं नसतं. मागे तिची आई काहीतरी बिनसलंय एवढं ओळखून उठून उभी राहिली होती. शाळा, जून, भोकर, सगळं माझ्या जिभेच्या टोकावर येऊन बसलं होतं. बोलून टाकलं असतं तर मोईन सर काही कबरीतून वर येऊन विचारणार नव्हते. उलट त्यांनीच सांगितलं असतं, मुलीचं बघ. पण मला विलक्षण संताप आला होता. ज्या पावलानं या माणसाचा जबडा वाचला, तेच पाऊल चुकीचं आहे असं मी त्याच माणसासाठी म्हणायचं? आणि ते या मुलीसमोर, जिला मीच शिकवलं की खांब पायांना दिसला पाहिजे?

मी चपला काढल्या, वाकून नमस्कार केला आणि परीक्षेच्या जागेत गेले. साहेब उभे होते बरोबर त्या जागेवर जाऊन उभी राहिले. टेरेझाबाईंना माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, की आमच्या गुरूंच्या जागेत एक खांब होता. त्या खांबासाठी हे पाऊल आहे. मघाशी खांबाच्या जागी हे गृहस्थ होते. आता मी आहे. तिला पुन्हा करू द्या आणि मग ठरवा.

"हे नियमात नाही," सचिवसाहेब म्हणाले.

टेरेझाबाईंनी त्यांच्याकडे न बघताच हात वर केला आणि अश्विनीला खूण केली.

अश्विनीनं पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते. भरल्या डोळ्यांनी ठोसा मारला तर तो कुठे लागेल सांगता येत नाही आणि तिचा ठोसा मला चांगला माहीत होता. मी ओरडले, "भोकर! खांबाकडं बघू नको!"

तिनं नजर उचलली आणि माझ्या पलीकडे लावली. मग ती आली. एक, दोन, आणि तिसऱ्याला तिच्या बाहीचं कापड माझ्या कानाला घासून गेलं. मागून तिच्या आईचा आवाज आला, "आगं माय!" मी पापणी हलवली नाही. माझ्या पायात बळ होतं म्हणून नाही, हलले असते तर तो ठोसा मलाच बसला असता म्हणून.

टेरेझाबाईंनी मला हातानंच बाजूला व्हायला सांगितलं. आता खांबाशिवाय. अश्विनीनं तिसऱ्यांदा काता केला, जगाचा. दम लागला होता, घाम टपकत होता. शेवटचं पाऊल पडलं तेव्हा खडूची खूण तिच्या पायाखाली झाकली गेली. टेरेझाबाई उठल्या, लंगडत तिच्यापर्यंत गेल्या आणि तिचा खांदा दाबून परीक्षकांना सांगितलं, पास.

चहाच्या वेळी त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या. त्या कराटे शिकल्या मासळीच्या दुकानाच्या मागच्या खोलीत. फरशी कायम निसरडी, म्हणून त्यांचे गुरू कात्यातली उडी आखूड घ्यायला लावायचे. "जपानमध्ये मला त्यावरून रागावले," त्या हसत म्हणाल्या, "अजून माझी उडी आखूडच आहे." मी त्यांना हळदीचं सांगितलं. त्यांना हळद कळेना, तेव्हा डब्यातल्या भाजीत बोट बुडवून दाखवलं.

अश्विनी मला हॉलबाहेर भेटली. "मॅडम, मी इसरले न्हवते. ते मधी आले म्हणून. त्यांना लागलं असतं."

"बरं केलंस," मी म्हटलं. मनात क्षणभर येऊन गेलं, की लागलं असतं तरी फार बिघडलं नसतं. पण तसं शिकवलं नव्हतं.

आता पाटीचं. टेरेझाबाई विमानात बसून गेल्या, मला राहायचं होतं लातुरात. थोड्याच दिवसांत व्हॉट्सॲपवर निरोप आला, की अनधिकृत पावलं शिकवल्याबद्दल माझ्या शाखेची संलग्नता थांबवली आहे. चूक मान्य करून लिहून दिलं तर विचार होईल. अश्विनीचा पट्टा आधीच नोंदला गेला होता, त्याला त्यांना हात लावता येत नव्हता. मग मला कशाची भीती? मी लिहून दिलं नाही. मैदानाच्या फाटकावरची संघटनेचं नाव असलेली पाटी स्वतः स्टुलावर चढून उतरवली. स्टूल ह्यांनी धरलं होतं. म्हणाले, "जरा हळू. इतकी वर्षं पडली नाहीस, आता पाटीबरोबर पडू नको."

फुकट काहीच होत नाही. संलग्नता नाही म्हणजे मुलांना स्पर्धेला जाता येत नाही आणि खेळाचे गुणही मिळत नाहीत. पालक एकेक करून येऊन गेले. कुणी अवघडून, कुणी न सांगता. काही गुणी मुलं गेली, त्यांची चुटपूट अजून आहे. एक मुलगी तर राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत सहज गेली असती. तिच्या वडिलांना मीच दुसऱ्या क्लासचा पत्ता दिला. "तुम्ही दोन ओळी लिहून द्यायच्या होत्या मॅडम, काय बिघडलं असतं?" असं ते म्हणाले. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. माझंही चुकलं असं वाटत नाही. शेठ मात्र आहेत. वर्ग लहान झाल्यामुळे त्यांचा आवाज आता जास्तच घुमतो.

गेल्या हिवाळ्यात भोकरला गेले. अश्विनीनं किती दिवसांपासून लकडा लावला होता. शाळेचं सभागृह मोठं, उंच छताचं, भिंतीपासून भिंतीपर्यंत मोकळं. ओळीनं मुली उभ्या होत्या, काहींचे ड्रेस मोठ्या बहिणीचे असावेत तसे ढगळ. अश्विनीची आई त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागली आहे. ती दारात उभी राहून बघत होती. मला म्हणाली, "बसा की बाई, तुमी कामून उभ्या?"

अश्विनीनं वर्गाला विचारलं, "आज खांब कोन?"

मला वाटलं, मला चुकीचं ऐकू आलं. पण हात वर झाले. रोज एकीनं मधे जाऊन उभं राहायचं, बाकीच्यांनी तिच्या अंगावरून काता न्यायचा. खांब झालेलीनं पापणी हलवायची नाही आणि काता करणारीनं खांबाकडे बघायचं नाही. हा नियम तिनं स्वतःचा लावला होता, मला विचारलेलं नव्हतं. म्हटलं, "इथं तर एवढी जागा मोकळी आहे गं."

"आज हाय मॅडम," ती म्हणाली. "पोरी कुठं इथंच ऱ्हानार हायत?"

मी पर्स तिच्या आईच्या हातात दिली, चपला काढल्या आणि पुढे झाले. "आज मी खांब."

मुली कुजबुजल्या. मी मधोमध जाऊन उभी राहिले आणि पहिल्या ठोशाची वाट बघू लागले. पण ठोसा आला नाही. सगळ्यांत पुढची मुलगी, जेमतेम माझ्या कोपराएवढी, चालत जवळ आली आणि टाचा उंचावून तिनं माझ्या खांद्यावर तळहात टेकवला. मग दुसरी आली, मग तिसरी. मोईन सरांचं नाव त्यांतल्या एकीलाही माहीत नव्हतं. मी कधीतरी सरावानंतर अश्विनीला सांगितलं असेल, मला आठवतही नाही. सगळ्यांचे हात टेकवून झाले, मुली आपापल्या जागेवर गेल्या, आणि अश्विनी ओरडली, "सुरू!"

मी नजर सरळ समोर ठेवली. सगळ्या माझ्या अंगाला लागून गेल्या, एकीचाही धक्का लागला नाही.